मोटारीच्या वांकलेल्या पट्टीची दुरुस्ती

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून फियाट गाडी बाहेर पडूं लागली आणि महाराष्ट्रांतील अनेक घरांपुढें मोटार उभी राहिली. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें; २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीहि निवृत्त झाली. नागपुरांत मनीषनगरासारख्या वस्तींत एखाद्या घरीं वडिलांच्या वेळची अशी गाडी अजून जपलेली असली, आणि फाटकाच्या खांबाला घासून तिची चकाकती पट्टी वांकली, तर कारखान्यांतून नवी मागविण्याची सोय उरलेली नाहीं. आहे तीच वांचवावयाची. आणि एक चुकीचा घाव तिचा कायमचा घात करतो.

पट्टीची चकाकी बहुधा उसनी असते. पोलादावर किंवा पितळेवर पुष्कळदां तांब्याचा, त्यावर निकेलचा आणि सर्वांवर क्रोमियमचा मुलामा विजेच्या साहाय्यानें चढवितात. वरचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो; गंजापासून रक्षण करतें तें मुख्यतः खालचें निकेल. पट्टी वांकली कीं मुलाम्याला तडे जातात, त्यांतून ओल शिरते आणि पोलाद आंतून गंजूं लागतें.

म्हणून हातोडी उचलण्यापूर्वीं धातु ओळखावा. मागील बाजू पिवळी दिसली तर पितळ. लोहचुंबक घट्ट चिकटला तर बहुधा पोलाद. मागेंपुढें सारखीच उजळ व गंजरहित पट्टी बहुधा स्टेनलेस पोलादाची, आणि फार हलकी असली तर ॲल्युमिनियमची. चिन्हें व मुठी पुष्कळदां ओतीव जस्ताच्या असतात. त्या ठिसूळ असल्यानें ठोकतांच मोडतात.

पट्टी काढतांना स्क्रू-ड्रायव्हर खुपसून ओढूं नये. त्यानें दुसरा पोचा पडतो व रंग खरवडतो. दाराचें आंतील आवरण काढून क्लिपा मागून सोडवाव्या. नंतर पट्टीच्या आंतील खोबणींत बसेल असा कठीण लाकडाचा ठोकळा करावा, पट्टी वाळूच्या पिशवीवर पालथी ठेवावी आणि पोच्याच्या कडेपासून मध्याकडे सरकत ठोकळ्यावर हलके घाव द्यावे. तांबट भांड्याचा पोचा असाच काढतो: जोर थोडा, घाव पुष्कळ. एकाच जागीं जोरानें ठोकल्यास धातु ताणला जातो, आणि ताणलेला धातु सहसा पूर्वस्थितीवर येत नाहीं.

स्टेनलेस पट्टीचे उरलेले उंचवटे बारीक कानशीनें घांसून, क्रमानें अधिकाधिक बारीक पॉलिश-कागद लावून ती पूर्ववत् उजळतां येते. मुलाम्याच्या पट्टीला मात्र कानस लावली कीं मुलामाच निघून जातो; तिला सरळ केल्यावर जुना थर उतरवून नवा द्यावा लागतो. कल्हई दारांत होते, हें काम दारांत होत नाहीं. क्रोमिक आम्लाचे तुषार कर्करोगकारक असल्यानें तें योग्य व्यवस्था असलेल्या कारखान्यांतच करवून घ्यावें.

बसवितांना भोकांतील गंज काढून रंग व मेण लावावें, क्लिपा नव्या घ्याव्या आणि पट्टी एका टोकाकडून क्रमानें दाबीत जावें. नागपूरच्या उन्हाळ्याचा येथें विसर पडूं नये. पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हां उन्हांतील धातु त्याहूनहि तापतो. ५० अंशांच्या फरकानें एक मीटर पोलाद सुमारें ०.६ मिलिमीटर, तर ॲल्युमिनियम १.१ मिलिमीटर वाढतें. दोन पट्ट्यांमध्यें तेवढी फट न ठेवल्यास त्या एकमेकींना रेटून मधेंच फुगतात.

अशी सुधारलेली पट्टी नव्यासारखी दिसेलच असें नाहीं. बारकाईनें पाहणाऱ्यास घावाची खूण सांपडेल. परंतु गाडीबरोबर आलेली पट्टी गाडीवरच राहते, आणि एवढ्यासाठींच हा खटाटोप करावयाचा असतो.