सोन्यावर वसलेलं गाव

कॅनडातल्या युकॉन प्रदेशात बोनान्झा आणि एल्डोराडो या ओढ्यांच्या संगमावर ग्रँड फोर्क्स नावाचं गाव होतं. आज तिथे पडकी भिंतसुद्धा नाही, गोट्यांचे ढीग तेवढे आहेत. ओस पडलेली गावं जगात पुष्कळ. हे गाव मात्र जमिनीसकट उकरून काढलं गेलं.

बोनान्झाला आधी सशाचा ओढा म्हणत. ऑगस्ट १८९६मध्ये जॉर्ज कार्मॅक, त्याची टॅगिश जमातीतली बायको केट, मेहुणा स्कूकम जिम आणि जिमचा भाचा डॉसन चार्ली यांना इथे सोनं मिळालं. ते आधी कुणाला दिसलं, यावर वाद आहे. जिमला, असं अनेकजण मानतात आणि मलाही तेच पटतं. शोधकर्त्याला मिळणारी जादा जमीन मात्र कार्मॅकच्या नावावर लागली. मूळनिवासी माणसाला हा हक्क कुणी देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सोनं होतं खाली, खडकालगतच्या वाळूत, आणि वरची जमीन बारमाही गोठलेली. रात्रभर खड्ड्यात लाकडं जाळायची, सकाळी राख बाजूला सारून सैल झालेली थोडी माती उपसायची, पुन्हा जाळ करायचा. हिवाळाभर साठवलेला हा ढीग वसंतात, ओढे वाहू लागले की, लाकडी पन्हळीत धुवायचा. जड सोनं तळाशी राहतं, माती वाहून जाते. आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ याच तत्त्वावर धुतात.

बेलिंडा मुलरूनी या बाईंनी १८९७मध्ये डॉसन शहर सोडून थेट खाणींच्या मधोमध हॉटेल उभारलं. त्याभोवती गाव वाढलं. १८९९मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो माणसं तिकडे धावली. उरलेल्या जमिनी पुढे कंपन्यांनी घेतल्या आणि तरंगते ड्रेजर, म्हणजे जमीन उकरणारी यंत्रं, आणले. बोनान्झावरचा चार नंबरचा ड्रेजर आठ मजली उंच होता. १९५९पर्यंत तो चालला.

गावाखालच्या वाळूतही सोनं होतं. ड्रेजर तिथेही पोचले. हे यंत्र पुढून जमीन खातं आणि मागे टाकतं, तेही उलट्या क्रमानं: बारीक वाळू आधी खाली पडते, मोठे गोटे तिच्यावर. त्यामुळे त्या ढिगांवर झाडं रुजायलाही फार वेळ लागतो. ग्रँड फोर्क्सची माती त्या गोट्यांच्या तळाशी आहे.