महागडा एअर फिल्टर बसवला म्हणून गाडीचे ॲव्हरेज वाढते का?

पुणे : कार घेतली की पहिल्या महिन्यातच एक तक्रार सुरू होते. शोरूममध्ये ॲव्हरेज २० सांगितले होते, गाडी १४-१५ च्या पुढे जायला तयार नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, की पुण्याला गेलास तर नाना पेठेत चक्कर मार, बाहेरचा एअर फिल्टर बसव, गाडी मोकळा श्वास घेते आणि ॲव्हरेज वाढते. मोबाइलवर तसे व्हिडिओही भरपूर आहेत. हजारो रुपये घालण्याआधी यात खरे किती, ते समजून घेतलेले बरे.

आधी कंपनीच्या आकड्याचे बघू. हा आकडा लोक ‘एआरएआय’चा म्हणून ओळखतात. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ही संस्था १९६६ पासूनची आणि आपल्या पुण्यातलीच, कोथरूडला पौड रस्त्यालगत वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर पळतच नाही. तिची चाके रोलरवर ठेवतात, गाडी जागेवरच चालते आणि धुरातल्या वायूंवरून पेट्रोल किती जळले याचा हिशोब काढतात. सगळा खेळ सुमारे २० मिनिटांचा आणि साधारण ११ किलोमीटरचा. वेग ९० च्या वर जात नाही. एसी बंद. पाच माणसे, डिकीत कांद्याची गोणी आणि चाकणच्या चौकातली अर्ध्या तासाची कोंडी या चाचणीत कुठेच येत नाही. म्हणजे आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उपयोगाचा आहे, तुमच्या गाडीला तेवढे पडेल हे सांगायला नाही.

आता फिल्टर. ‘हवा जास्त गेली की ॲव्हरेज वाढते’ हे ऐकायला पटते, पण पेट्रोल इंजिनाचे काम तसे चालत नाही. पेट्रोल नीट जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. आजच्या गाड्यांत आत येणाऱ्या हवेचा अंदाज एक सेन्सर घेतो, सायलेन्सरच्या पाइपातला दुसरा सेन्सर उरलेला ऑक्सिजन तपासतो आणि कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल सोडतो. हवा जास्त आली तर पेट्रोलही जास्त सुटणार. शिवाय हवा किती घ्यायची हे फिल्टर ठरवतच नाही, ते तुमचा पाय ठरवतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की हवेच्या वाटेवरची झडप थोडीच उघडते. नळाची तोटी अर्धी बंद ठेवून टाकीचा पाइप मोठा केला, तर बादली लवकर भरणार आहे का?

अमेरिकेतल्या ओक रिज या सरकारी प्रयोगशाळेने २००९ मध्ये याचीच तपासणी केली. मुद्दाम चोंदवलेला फिल्टर लावून गाड्या चालवल्या. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत थोडे ॲव्हरेज घटले. गच्च भरलेल्या फिल्टरनेही जर ॲव्हरेज पडत नसेल, तर स्वच्छ फिल्टर काढून दुसरा जास्त मोकळा फिल्टर लावल्याने ते वाढणार कुठून?

डिझेल गाडीत तशी झडप हवा अडवत नाही, त्यामुळे फिल्टर फारच चोंदला तर जुन्या गाड्या काळा धूर सोडतात आणि चढाला दमतात. पण त्यावर उपाय कंपनीचाच नवा फिल्टर, काही शेकड्यांत येणारा.

मग बसवणाऱ्यांना फरक जाणवतो तो कसा? एक तर आवाज बदलतो. इंजिन गुरगुरायला लागले की गाडी जोरात पळते असे वाटते. दुसरे म्हणजे फिल्टर बसवताना मेस्त्री सहसा सर्व्हिसिंगही करतो, चाकांत हवा भरतो, आणि श्रेय फिल्टरला मिळते.

खरा धोका धुळीचा आहे, आणि तो शहरापेक्षा गावाकडच्या गाडीला जास्त. खेड, शिरूर, दौंडच्या कच्च्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीमागे गाडी चालली की किती फुफाटा आत जातो, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. ऑइल बाथ एअर क्लीनर उघडला की तळाला बसलेला गाळ दिसतोच. जो फिल्टर हवा जास्त सोडतो तो बारीक धूळही सोडू शकतो. ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते, टर्बोची पाती खाते. मग गाडी ऑइल पिते आणि इंजिनाचे काम निघते. काही कापडी फिल्टरना तेल लावावे लागते. ते जास्त झाले तर हवेच्या सेन्सरवर बसते आणि ॲव्हरेज उलट बिघडते.

उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली लावला, तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. कंपनीचा पाइप बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागून, बऱ्यापैकी उंचावरून बाहेरची थंड हवाच घेतो. काही किट ते तोंड खाली, बंपरजवळ नेतात. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावर गुडघाभर पाणी आले आणि तिथून पाणी आत गेले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनाचे कवच वेगळे घ्यावे लागते. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीही हात वर करू शकते.

पैशाचा हिशोब करून बघा. महिन्याला १,००० किलोमीटर, ॲव्हरेज १६, पेट्रोल १०४ रुपये धरले तर महिन्याचा खर्च ६,५०० रुपये. विकणाऱ्याचे ५ टक्के खरे मानले तरी वाचतात ३१० रुपये. ८,००० चे किट असेल तर पैसे फिटायला दोन वर्षांपेक्षा जास्त काळ, तोही ते ५ टक्के खरे असतील तर.

ॲव्हरेज जाते ते वेगळ्याच वाटांनी. टायरमध्ये हवा कमी, विनाकारण दाबलेला ब्रेक, उभ्या गाडीत चालू ठेवलेले इंजिन, टपावरचे कॅरिअर. वेग ८० चा १०० केला की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या कारचे ॲव्हरेज ६-७ टक्के घटेल, असा अंदाज होता. आपल्याच उसाचा माल टाकीत येतो, तेव्हा याबद्दल कुरकुर कुणाकडे करणार, हा वेगळा विषय.

घरच्या घरी मोजायचे तर टाकी पंपाच्या ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ४००-५०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. ४८० किलोमीटर झाले आणि ३० लिटर बसले, तर ॲव्हरेज १६. असे तीनदा करून सरासरी घ्या. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याआधी सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांतली हवा तपासून घ्या.