पुन्हा धावण्याचे बळ

व्यावसायिक फुटबॉलपटू ९० मिनिटांच्या सामन्यात साधारणतः १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यात चालणे व संथ धावणेच अधिक असते. पूर्ण वेगाची धाव असते अवघ्या २ ते ४ सेकंदांची. मात्र ती पुनःपुन्हा घ्यावी लागते, आणि खरी कसोटी तिथेच असते.

या धावेची ऊर्जा मुख्यतः स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट पुरवते. हा साठा काही सेकंदांतच खालावतो. तो पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात. ही भरपाई प्राणवायूवर अवलंबून असल्याने वेगवान खेळाडूलाही दमसास कमवावा लागतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स बांग्सबो यांच्या यो-यो चाचणीत हेच पाहिले जाते : २० मीटर जाऊन परत येणे, १० सेकंद विसावा, पुन्हा धाव, वेग मात्र वाढत जातो.

आमच्या मैदानावर उत्तरार्धात मंदावणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षकांनी अनेकदा आळशी ठरवले. वास्तविक अशा वेळी स्नायूंतील ग्लायकोजेनही ओसरत असते. त्या मुलाला बोल नव्हे, तर पोटभर अन्न, पुरेशी झोप आणि क्रमाक्रमाने वाढवलेला सराव हवा असतो. म्हणून सामन्यापूर्वी मुले जेवली का, हे आम्ही आता प्रथम विचारतो.