स्पंज आयर्न : रांगेत नेहमीच शेवटचा

स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत गेली सुमारे दोन दशके जगात अग्रस्थानी आहे. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन ५ कोटी टनांच्या आसपास पोहोचले. तरीही कच्चा माल नाही ही या उद्योगाची तक्रार जुनीच आहे. वस्तुतः त्याचा जन्मच टंचाईतून झाला. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा आपल्याकडे अपुरा आणि विद्युत भट्ट्यांना लागणारे भंगारही अपुरे; म्हणून खनिज न वितळवता त्यातील प्राणवायू काढून घेण्याची रीत आपण स्वीकारली. आजच्या तेलंगणातील पाल्वंचा येथे १९८० मध्ये ३० हजार टन क्षमतेचा सरकारी कारखाना सुरू झाला, तो याच गरजेपोटी.

एक टन स्पंज आयर्नसाठी ढोबळमानाने दीड टन लोहखनिज आणि एक ते सव्वा टन साधा कोळसा लागतो. भूगर्भात दोन्हींची वाण नाही. वाण आहे ती वाटपातील स्थानाची.

कोकणातील साळावचे उदाहरण घ्यावे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे ‘विक्रम इस्पात’चा नैसर्गिक वायूवर चालणारा प्रकल्प १९९० च्या दशकात उभा राहिला, त्याची वार्षिक क्षमता ९ लाख टन. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घटू लागताच २०११ मध्ये केंद्राने प्राधान्यक्रम कठोर केला : आधी खत, स्वयंपाकाचा गॅस, वीज, पोलाद त्यानंतर. साळावची मालकी ग्रासिमकडून वेलस्पनकडे आणि पुढे जेएसडब्ल्यूकडे गेली, पण वायूचा प्रश्न मालकाबरोबर बदलला नाही.

कोळशाची कथा वेगळी नाही. २००७ च्या कोळसा वितरण धोरणाने वीज व खत उद्योगांना गरजेच्या १०० टक्के, तर इतरांना ७५ टक्के पुरवठा ठरवून दिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले; निकाल योग्यच होता, पण त्या खाणींच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या भट्ट्या उघड्या पडल्या. २०१६ पासून पुरवठा-करारांचे लिलाव सुरू झाले आणि त्यात स्पंज आयर्नला स्वतंत्र गट मिळाला. मात्र विजेचे संकट आले की, २०२१ च्या शरदात घडले तसे, या उद्योगाच्या वाघिणी प्रथम थांबतात. मी राहतो त्या काशीतील दुर्गाघाटावरून मालवीय पूल दिसतो. त्यावरून पश्चिमेकडे जाणारा कोळसा बहुतांशी विजेसाठीच असतो, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे, की रांगेतील शेवटच्याला त्याची पाळी कधी येईल हेही कोणी सांगत नाही. मग आयात केलेला दक्षिण आफ्रिकी कोळसा घ्यावा, तर त्याचा भाव जागतिक राजकारणाच्या तालावर नाचतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने ते दाखवून दिले.

लोहखनिजाबाबत दोन अडचणी आहेत. खाणीतून चुरा बराच निघतो, फिरत्या भट्टीला मात्र ठरावीक आकाराचे ढेकूळ किंवा पेलेट लागतात. शिवाय २०१५ नंतरच्या लिलावांत काही ओडिशी खाणींसाठी १०० टक्क्यांहूनही अधिक अधिमूल्य बोलले गेले. त्या बोलीत लहान कारखानदाराने उतरायचे कसे? कर्नाटकात २०११ आणि गोव्यात २०१२ साली खाणबंदी आली, तीही बेकायदा उत्खननामुळे. त्या उत्खननात ज्याचा हात नव्हता त्याची भट्टीही विझली.

महाराष्ट्रातील आशा सुरजागडवर आहे. एटापल्ली तालुक्यातील हा पट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. चंद्रपूरजवळच्या घुग्घुस येथे कंपनीची स्पंज आयर्न भट्टी होती. तरीही उत्खनन २०१६ पर्यंत लांबले आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहणारी डझनावारी वाहने जाळली. काम पुन्हा वेगात आले ते २०२१ नंतर. २०२३ मध्ये वार्षिक १ कोटी टनांपर्यंत परवानगी मिळाली. ही टंचाई केवळ बंदुकीमुळे होती असे मानणे सोयीचे आहे. माडिया गोंडांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे, आणि ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न पोलिसी बंदोबस्ताने मिटत नाही.

उद्योगही निव्वळ पीडित नाही. वीज वाचवण्यासाठी रात्री धूर गाळणारी यंत्रे बंद ठेवल्याच्या तक्रारी रायपूरपासून दुर्गापूरपर्यंत ऐकू येतात. म्हणून स्वस्त कोळशाची सरसकट खिरापत नको. जो कारखाना धुराची सलग नोंद खुली ठेवील, त्यालाच लहान आकाराच्या बोलींचा राखीव हिस्सा आणि दीर्घ मुदतीचा करार द्यावा. आणि टंचाईच्या काळात कपात किती व किती दिवसांची, हे आधी लेखी कळवण्याचे बंधन कोल इंडियावर घालावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. कोळसा मंत्रालयाचा एक आदेश पुरेसा आहे.