वकिलापासून लपविलेलें सत्य

वैद्यापाशीं रोग आणि वकिलापाशीं दोष लपवूं नये, ही आमच्या तीर्थरूपांची नेहमींची शिकवण. तींतील पहिला भाग सर्वांस सहज पटतो; दुसरा मात्र प्रसंग पडल्यावांचून पटत नाहीं. गेल्या महिन्यांत असा एक प्रसंग आमच्या साऱ्या कुटुंबानें मिळून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिला, आणि त्यानें आमच्या मनांतील एक जुनें शल्य पुन्हां हलविलें. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

अमेरिकेंत ‘पेरी मेसन’ नांवाची न्यायालयीन रहस्यकथांची मालिका सी. बी. एस. या संस्थेनें २१ सप्टेंबर १९५७ पासून २२ मे १९६६ पर्यंत दाखविली. तिचे एकंदर २७१ भाग झाले. मूळ कथांचे कर्ते अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) हे स्वतः वकील होते. कोणत्याही विधिमहाविद्यालयाची पदवी न घेतां, खासगी रीतीनें कायद्याचा अभ्यास करून त्यांनीं १९११ सालीं कॅलिफोर्नियांत सनद मिळविली. आणि तेथील ज्या चिनी लोकांस कोणी वाली नव्हता, त्यांचे खटले त्यांनीं चालविले. मेसनची पहिली कादंबरी १९३३ सालची. पुढें अशा ऐंशींहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या हातून उतरल्या. पडद्यावरील मेसन म्हणजे रेमंड बर. त्यांचा तो भरदार देह, धीमें बोलणें आणि साक्षीदारावर रोखलेली नजर पाहून आमची नातवंडेंसुद्धां गडबड थांबवून बसतात.

या मालिकेचा सांचा ठरलेला आहे. कोणी निरपराध मनुष्य खुनाच्या आरोपांत सांपडतो. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर पुराव्याचा डोंगर उभा करितात. मेसनची चिटणीस डेला स्ट्रीट आणि गुप्त शोधक पॉल ड्रेक धांवपळ करितात. आणि शेवटीं मेसनच्या उलटतपासणींत खरा गुन्हेगार भर न्यायालयांत कबुली देऊन मोकळा होतो. यांतील बहुतेक खटले पूर्वचौकशीच्या पायरीवरच, म्हणजे एकट्या न्यायाधीशापुढें, संपतात. बारा ज्यूररांना बसविण्याचा प्रसंग क्वचितच येतो. बर्गर यांचा पराभव इतका नेमाचा कीं, आमचा धाकटा नातू ते उभे राहतांच ‘हरले!’ म्हणून टाळी वाजवितो.

परंतु १७ ऑक्टोबर १९६३ रोजीं दाखविलेल्या भागानें त्याचीहि टाळी हवेंतच राहिली. ज्यूरीचा निकाल एरवीं कथेच्या शेवटीं यावयाचा, तो येथें आरंभींच येतो, आणि तो ‘दोषी’ असा आहे. आरोपी जॅनिस बार्टन हिला (ही भूमिका ज्युली ॲडम्स यांची) देहान्ताची शिक्षा होते. त्या काळीं कॅलिफोर्नियांत ही शिक्षा विषारी वायूच्या कोठडींत अमलांत आणीत. पेरी मेसन खटला हरले! १९५८ सालच्या एका भागांतहि त्यांच्या पक्षकाराविरुद्ध निकाल गेला होता. पण तो पक्षकार तोतया असल्याचें पुढें उघड झालें. येथें तसली पळवाट नाहीं. बाई निर्दोष आहे, वकील समर्थ आहे, न्यायाधीश अन्यायी नाहीं, ज्यूररांनीं लांच खाल्लेली नाहीं. आणि तरीहि निकाल चुकला आहे.

कां चुकला? तर त्या बाईनें महत्त्वाची गोष्ट आपल्या वकिलापासूनच लपविली म्हणून. ढालीलाच जेथें छिद्र, तेथें योद्ध्याचें शौर्य काय करणार? मेसन मात्र ‘तिनेंच लपविलें, तीच भोगील’ असें म्हणून हात झटकीत नाहींत. निकालानंतरहि ते शोध चालूच ठेवितात आणि शिक्षा अमलांत येण्यापूर्वीं खरा अपराध उघडकीस आणितात. तो कोणाचा, हें सांगून ज्यांनीं हा भाग पाहिलेला नाहीं त्यांचा रसभंग आम्ही करीत नाहीं.

भाग संपल्यावर सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, जीव जाण्याची वेळ आली, तरी मनुष्य आपल्याच वकिलाशीं खोटें कां बोलतें?” आमचे धाकटे बंधू तालुक्याच्या न्यायालयांत वकिली करितात. ते हंसून म्हणाले, “दादा, याचें उत्तर मी देतों. माझ्याकडे येणारा प्रत्येक पक्षकार पहिल्या दिवशीं निम्मेंच सांगतो. उरलेलें निम्में मला विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराच्या तोंडून ऐकावें लागतें.” वास्तविक पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट वकिलानें फोडूं नये, असें संरक्षण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तें आहे. म्हणजे कायद्यानें दार उघडें ठेविलेलें असतें; लज्जा मात्र त्यास आंतून कडी घालिते.

आम्हांस या ठिकाणीं शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील नववा अंक आठवला. वसंतसेनेच्या खुनाचा आळ आलेला चारुदत्त न्यायासनापुढें उभा आहे. ही गणिका तुझी स्नेही काय, या प्रश्नास उत्तर देतांना तो लाजतो. ती कशी गेली, कोणाबरोबर गेली, हें त्यास नीट सांगतां येत नाहीं. इतक्यांत मैत्रेयाच्या कांखेंतून तिचे अलंकार खालीं पडतात. ते तिनें होऊन चारुदत्ताच्या बाळाच्या मातीच्या गाड्यांत घातलेले होते. पण ऐकणारास तो खुनाचा पुरावाच वाटतो. अधिकरणिक दुष्ट नाहीं. उलट त्याचें मन आरोपीकडे ओढ घेतें. तरीहि समोर आलेल्या पुराव्यापलीकडे त्यास पाहतां येत नाहीं. वधस्तंभापाशीं स्वतः वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते, तेव्हांच चारुदत्त वांचतो. उज्जयिनी काय आणि लॉस एंजेलिस काय, मनुष्याची लज्जा आणि न्यायाची मर्यादा हीं दोन्ही स्थळें सारखींच!

नाटकांत वसंतसेना येते आणि मालिकेंत मेसन असतात. संसारांत दोघेंहि नसलीं तर? हा प्रश्न गार्डनर यांसहि पडला असावा. १९४८ सालीं त्यांनीं कांहीं तज्ज्ञ मित्रांच्या साह्यानें ‘अखेरचें न्यायालय’ या अर्थाच्या नांवाचा एक उपक्रम सुरू केला आणि शिक्षा भोगीत असलेल्या, पण निर्दोष वाटणाऱ्या खऱ्याखुऱ्या कैद्यांचीं प्रकरणें पुन्हां तपासलीं. आणखी एक गोष्ट चमत्कारिक आहे. बर्गर यांची भूमिका करणारे विल्यम टॅलमन यांच्यावर १९६० सालीं स्वतःच आरोपी होण्याची पाळी आली. एका खासगी मेजवानीवर पोलिसांनीं घातलेल्या धाडींत ते सांपडले, आणि न्यायालयाचा निर्णय होण्यापूर्वींच त्यांचें काम गेलें. पुढें न्यायाधीशांनीं आरोप काढून टाकिले. रेमंड बर व गार्डनर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, प्रेक्षकांचीं पत्रें आलीं, तेव्हां त्यांस परत घेण्यांत आलें. पडद्यावर नित्य ज्यांस हरविलें, त्यांच्यासाठीं मेसन प्रत्यक्षांतहि उभे राहिले, हें आम्हांस त्या २७१ भागांहून मोठें वाटतें.

आतां आमचें शल्य. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें एके दिवशीं मधल्या सुट्टींत आमच्या मेजाच्या खणांतून वर्गाच्या फीचें पाकीट नाहींसें झालें. सुट्टींत नववींतील एक नादार मुलगा कोठें होता, हें कोणासच ठाऊक नव्हतें. आम्हीं त्यास विचारिलें. तो प्रथम गप्प राहिला. मग “ग्रंथालयांत होतों, गुरुजी,” म्हणाला. त्या दिवशीं ग्रंथालय बंद होतें. एवढा एक पुरावा आम्हांस पुरे वाटला. आम्हीं त्यास वर्गादेखत छड्या मारिल्या आणि त्याची नादारी बंद करण्याची शिफारस केली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं.

दीड महिन्यानें मेज दुरुस्तीस काढिलें, तेव्हां पाकीट खणाच्या मागें अडकलेलें सांपडलें. मुलगा कोठें होता, हेंहि तेव्हां कळलें. त्याची आई जवळच्या एका घरीं स्वयंपाकास होती. ती त्यास रोज मागल्या दारीं जेवूं घालीत असे आणि सोबत्यांस हें कळूं नये, म्हणून तो लपून जात असे. आम्ही त्याच्या बिऱ्हाडीं गेलों; तेथें कुलूप होतें. मायलेकरें गांव सोडून गेलीं होतीं. पुढें पुष्कळ चौकशी केली, पण त्याची भेट झाली नाहीं.

मुलगा खोटें बोलला, हें खरें. पण त्यास एकीकडे घेऊन “बाळ, काय आहे तें मजपाशीं सांग, मी कोणास सांगणार नाहीं,” असें आम्हीं म्हटलें नाहीं, हें त्याहून खरें. फिर्यादी, ज्यूरी आणि न्यायाधीश अशीं तिन्ही कामें आम्हीं एकट्यानेंच केलीं. त्याचें वकीलपत्र मात्र कोणींच घेतलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत असे खटले रोज उभे राहतात. बरणी फुटते, पैसे हरवतात, घरीं येण्यास उशीर होतो. अशा वेळीं मुलानें अथवा सुनेनें सत्य सांगावें, ही अपेक्षा रास्तच आहे. पण निर्भयपणें तें सांगतां येईल असें एक तरी माणूस घरांत असावें, ही आधींची गोष्ट होय. परवां आमच्या नातवानें देवघरांतील समई पाडिली आणि मांजराचें नांव सांगितलें. आम्ही त्यास ओसरीवर घेऊन गेलों, शेजारीं बसविलें आणि म्हटलें, “आज मी तुझा वकील.” तो थोडा वेळ गप्प बसला, मग त्यानें सारें सांगितलें.