चाचणी निगेटिव्ह, तरीही धास्ती
(देह आणि मन : भाग ७)

मागच्या भागात आपण छातीत जरा दुखलं की ईसीजी काढायला धावणाऱ्यांबद्दल बोललो. आजची भीती त्याच जातीची आहे, पण ती घरात कुणाजवळ बोलता येत नाही. आपल्याला एचआयव्ही किंवा दुसरा एखादा गुप्तरोग झालाय, ही ती भीती. आणि चाचणी निगेटिव्ह आली तरी ती जात नाही.

तिची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत सारखीच असते. कधीतरी एक संबंध येतो, बरेचदा लग्नाबाहेरचा किंवा पैसे देऊन केलेला. कंडोम वापरलेला असतो, पण तो नीट होता ना, ही शंका मागे उरते. दोन-तीन आठवड्यांनी घसा दुखतो, अंगात कणकण येते. मोबाइलवर शोधलं की एचआयव्ही संसर्गाची सुरुवातीची लक्षणं समोर येतात : ताप, घसादुखी, पुरळ, मानेत गाठी. साध्या व्हायरल तापातही हेच होतं, पण तोवर मनानं निकाल लावलेला असतो. मग सहा आठवड्यांनी चाचणी, तीन महिन्यांनी चाचणी, सहा महिन्यांनी पुन्हा, दुसऱ्या लॅबमध्ये, कधी दुसऱ्या नावानं. प्रत्येक रिपोर्टनंतर एक-दोन दिवस हायसं वाटतं. मग विचार येतो : सॅम्पल बदललं असेल तर?

आधी चाचणीबद्दल जे पक्कं आहे ते पाहू. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली ही चाचणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर तो निकाल अंतिम मानतात. बोटाला टोचून केलेल्या रॅपिड चाचणीसाठी ९० दिवस धरतात. संसर्ग टाळण्यासाठी पेपची औषधं घेतली असतील, तर हे दिवस ती संपल्यापासून मोजायचे. सिफिलिससाठी तीन महिने पुरतात. गनोरिया आणि क्लॅमिडियाची जनुकीय चाचणी दोन आठवड्यांनी भरवशाची असते. शिवाय एचआयव्हीची पहिली चाचणी मुद्दामच अशी बनवलेली असते, की एकही संसर्ग निसटू नये. त्यामुळे ती चुकलीच तर बहुधा निरोगी माणसाला रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते, आणि म्हणूनच तशा निकालाची खात्री पुढच्या चाचण्यांनी करतात. विंडो पिरियड उलटल्यानंतरचा निगेटिव्ह निकाल हा वैद्यकातल्या सर्वांत भरवशाच्या निकालांपैकी एक आहे.

हर्पीसचं मात्र वेगळं आहे. काहीही लक्षणं नसताना केलेली त्याची रक्तचाचणी बरेचदा चुकीनं पॉझिटिव्ह येते. त्यामुळे नुसत्या भीतीपोटी ती करू नये, असाच सल्ला दिला जातो.

इतकं कळल्यावर भीती जायला हवी, पण ती जात नाही. आकडेही तिला पुरे पडत नाहीत. जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार सुरू नाहीत आणि कंडोमही नाही, अशा स्त्री-पुरुष योनिसंबंधात अमेरिकेच्या सीडीसीच्या अंदाजानुसार दर १०,००० संबंधांमागे पुरुषाला सुमारे ४ वेळा आणि स्त्रीला सुमारे ८ वेळा संसर्ग होतो. धास्तावलेला माणूस हे वाचतो आणि विचारतो, ‘त्या चारांत मी असलो तर?’ त्याला शंभर टक्के खात्री हवी असते. ती तर रस्ता ओलांडतानाही कुणाला मिळत नाही.

त्यात शरीर रोज नवे पुरावे पुरवत राहतं. मानेतली गाठ दिवसातून दहादा दाबून पाहिली की ती दुखू लागते. काळजीनं जेवण तुटतं आणि वजन उतरतं. आरशात जीभ बघत बसलं की तिच्यावरचा नेहमीचा पांढरा थर प्रथमच नजरेत भरतो. लिंगाच्या कडेला वर्षानुवर्षं असलेले बारीक दाणे किंवा त्वचेवरचे फोर्डाइस ठिपके रोगाचे वाटू लागतात. हे दोन्ही निरुपद्रवी आहेत आणि असंख्य निरोगी लोकांमध्ये असतात. ही लक्षणं खोटी नसतात, माणूस सोंग करत नसतो. त्याला जे जाणवतं ते खरंच जाणवतं. त्याचा त्यानं लावलेला अर्थ चुकतो.

ही भीती जुनी आहे. सिफिलिसची चाचणी १९०६ मध्ये वासरमान यांनी शोधली, पण ‘सिफिलोफोबिया’ त्याआधीपासून वैद्यकाला ठाऊक होता. १९८५ मध्ये एचआयव्हीची रक्तचाचणी आली, आणि निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही खात्री न पटणारे लोक डॉक्टरांकडे येऊ लागले. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत अशा अवस्थेला ‘इलनेस अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हटलं आहे. शारीरिक लक्षणं नाहीत किंवा अगदी किरकोळ आहेत, तरी गंभीर आजाराची धास्ती सहा महिने वा अधिक टिकते, आणि माणूस सतत तपासत राहतो किंवा डॉक्टरांना टाळतो.

ती टिकते कशानं? पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश तज्ज्ञांनी १९८६ मध्ये याचं उत्तर मांडलं : वारंवार मागितलेल्या दिलाशानं. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते, तसंच रिपोर्टचं होतं. दिलासा मिळताच भीती उतरते, आणि मन शिकतं की भीती घालवायची तर चाचणीच हवी. मग तिच्याविना एक दिवसही निभत नाही.

भीतीला खतपाणी घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अपराधीपणा. ‘मी चुकलो, आता शिक्षा मिळणारच’ या विश्वासापुढे रक्ताचा अहवाल फिका पडतो. विषाणू मात्र कुणाच्या पापपुण्याचा हिशेब ठेवत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरं दिली. त्यासाठी त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. आजही मोकळेपणानं विचारायला जागा नसली की माणूस लॅबच्या काउंटरवर जाऊन उभा राहतो. तिथं रक्त तपासलं जातं, पण मनातली गोष्ट ऐकायला कुणी नसतं.

या भीतीवर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी मानसोपचारपद्धती, इथं विशेष लागू पडते. मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती तिच्याच कुळातली. गरज असल्यास मानसोपचारतज्ज्ञ एसएसआरआय गटाची औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवात घरूनही करता येते. डॉक्टरांकडून चाचणीचं वेळापत्रक एकदाच लिहून घ्यावं आणि ते पूर्ण झाल्यावर, नवा धोका पत्करलेला नसेल तर, तो विषय तपासणीपुरता बंद करावा. गाठी दाबणं, जीभ पाहणं, मोबाइलवर लक्षणं शोधणं आधी एक तास लांबवावं, मग एक दिवस. सुरुवातीला अस्वस्थता वाढेल. तिला काही उत्तर न देता थांबलं की ती आपोआप उतरते, हा अनुभव मनाला यावा लागतो.

जननेंद्रियावर जखम, स्राव, लघवीला जळजळ असेल तर मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून अंगावर काढू नये. असुरक्षित संबंध नुकताच आला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जावं. पेपची औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. माहितीसाठी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत.

आपल्या वाचकांत एचआयव्हीसह जगणारेही आहेत. नियमित उपचारांनी ते जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगतात, संसार करतात. ज्या आजाराच्या धास्तीनं एखादा निरोगी बाप वर्षभर लेकराचा पापा घेत नाही, बायकोपासून वेगळा निजतो, तो आजार खरोखर असलेल्या माणसालाही हे काहीच सोडावं लागत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच : शंका पूर्ण फिटण्याची वाट पाहत बसू नका. थोडी शंका मनात असतानाच जेवा, कामाला जा, मुलांना जवळ घ्या. बरं होणं तिथूनच सुरू होतं.

पुढच्या भागात : ‘मला काही झालं नाही ना?’ असं रोज विचारणाऱ्याला घरच्यांनी काय उत्तर द्यावं?