चढणीचे गणित

जुन्या मोटारसायकलचे पेट्रोल इंजिन काढून तिथे वीजमोटर बसवून घेणारा मनुष्य दोनच प्रश्न विचारतो : वेग किती आणि एका चार्जमध्ये पल्ला किती? मोटर व मागचे चाक यांमधील दंतचक्रांचे प्रमाण कोणते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि गाडीचे भवितव्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

इंजिनाबरोबर गिअरपेटीही जाते; उरते ती साखळी. पुढच्या दंतचक्राला १४ व मागच्याला ४२ दात असतील, तर मोटरच्या तीन फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतो. मिनिटाला ३००० फेरे घेणारी मोटर मग ताशी सुमारे ११० किलोमीटरांचे स्वप्न दाखविते. १२ व ६० दात ठेवले, तर वेग ६६ वर उतरतो. परंतु त्याच चढणीवर मोटरला जोर तीन-पंचमांशच लावावा लागतो. जोरासरशी प्रवाह वाढतो आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेगाच्या मोहापायी मोटरीत जवळजवळ पावणेतीनपट उष्णता निर्माण होते.

मागे उतारू घेऊन पणजीतील आल्तिनोची चढण चढणाऱ्या आमच्या मोटारसायकल पायलटाला ताशी शंभराचा वेग काय कामाचा? त्याची मोटर जळाली, तर घरची चूल थंडावते. तेव्हा रूपांतर करून देणाऱ्याने दातांचे प्रमाण लेखी द्यावे आणि दोन माणसे बसवून गाडी चढणीवर चालवून दाखवावी. तोवर पैसे मोजू नयेत, हेच शहाणपणाचे होय.